नदीकाठचे घर, पूररेषेचा हिशेब

पुण्याहून नगर रस्त्याने किंवा सोलापूर रस्त्याने सुटीच्या दिवशी बाहेर पडले, की शहराची शेवटची वस्ती मागे पडण्याआधीच भूखंडांच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. त्यांत हल्ली एक शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे नदीकिनारा. गर्दीला, वाहतूक कोंडीला आणि सदनिकांच्या न परवडणाऱ्या किमतींना कंटाळलेल्या मध्यमवर्गाला हा शब्द भुरळ घालतो. निवृत्तीनंतरचे चार खोल्यांचे बैठे घर, अंगणात आंबा-चिकू, समोर संथ वाहणारे पाणी हे स्वप्न मराठी माणसाला नवीन नाही. नवीन आहे ते इतकेच, की आता ते गुंठ्यांच्या हिशेबात, हप्त्यांवर विकले जात आहे. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या विक्रीच्या टप्प्यात आले आहेत.

या स्वप्नाची दुसरी बाजू १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवडने पाहिली. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने एका दिवसात जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये ही बांधकामे पाडण्याचा आणि पर्यावरणाच्या हानीपोटी पाच कोटी रुपये वसूल करण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तो कायम ठेवला आणि त्यानंतर कारवाई झाली. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी त्या भिंतींत घातली होती, त्यांना मागे उरलेला ढिगारा तेवढा पाहावा लागला.

हीच इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा तेथून शिरूर-दौंडच्या दिशेने निघते. चिखलीत जे घडले ते महापालिकेच्या हद्दीत, नकाशावर पूररेषा आखलेली असताना घडले. जेथे महापालिका नाही, अनेक ठिकाणी पूररेषाही आखलेली नाही आणि शेतजमिनीचे तुकडे मात्र वेगाने पडत आहेत, अशा खालच्या भागात नदीकाठी घर घेणाऱ्याने काय समजावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ चिखलीपुरता उरत नाही.

दोन गावे, एक खोरे

शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. नदीचेच नाव गावाला पडावे, इतका हा संबंध जवळचा. इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली होती. १८१७ च्या अखेरीस कोरेगावच्या लढाईसाठी निघालेली कंपनी सरकारची तुकडी शिरूरहूनच बाहेर पडली होती. पुढे नगर रस्त्यावरचे बाजाराचे गाव म्हणून शिरूर वाढले आणि रांजणगाव गणपती येथील औद्योगिक वसाहतीनंतर त्याचा चेहरामोहरा पालटला. सणसवाडी, शिकरापूर, रांजणगाव या पट्ट्यातील कारखान्यांत नोकरी करणारा तरुण अभियंता आणि कुशल कामगार हा आज शिरूरमधील घरांचा पहिला ग्राहक आहे.

दौंडची गोष्ट वेगळी. हे रेल्वेने घडवलेले गाव. मुंबई-सोलापूर मार्गावरून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वे वसाहत, राज्य राखीव पोलीस दलाचे तळ, कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत आणि भोवतालचा ऊस यांवर हे शहर जगते. २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गावर डेमू गाडी सुरू झाल्यापासून रोज पुण्याला जाऊन परत येणाऱ्यांसाठी दौंडला घर करणे ही अधिक व्यवहार्य गोष्ट ठरली. २०११ च्या जनगणनेत दौंडची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत आणि शिरूरची चाळीस हजारांच्या आत होती. म्हणजे ही दोन्ही गावे अजून लहान आहेत. पुण्यापासून शिरूरपर्यंतच्या सुमारे ५३ किलोमीटरच्या उन्नत मार्गाला राज्य सरकारने मंजुरी दिल्यावर मात्र शिरूरकडे पाहण्याची गुंतवणूकदारांची नजर बदलली आहे.

नकाशावर हे दोन तालुके भीमेच्या दोन काठांवर समोरासमोर उभे आहेत. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेत येते. सह्याद्रीत डिंभ्याच्या वर उगम पावलेली घोड नदी कुकडीला पोटात घेऊन शिरूरवरून वाहते, चिंचणीच्या धरणात अडते आणि पुढे भीमेला मिळते. त्यानंतर भीमा दौंड शहराला वळसा घालून उजनीच्या फुगवट्याकडे जाते. नदीपलीकडे अहिल्यानगर जिल्हा. दौंडच्या काठावर उभे राहणाऱ्याच्या समोरून भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, वेळ, कुकडी आणि घोड या साऱ्या नद्यांचे पाणी एकाच पात्रातून जात असते. नदीकाठचा भूखंड विकणारा हा भूगोल सांगत नाही, आणि घेणाऱ्याला तो विचारावासा वाटत नाही.

नदी आहे, पण मोकळी नाही

पावसाळ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना एक वाक्य पाठ झालेले असते. दौंड येथून उजनीत येणारा विसर्ग इतके हजार क्युसेक, असे ते वाक्य. सोलापूरचा शेतकरी ते आशेने वाचतो, कारण त्याच्या धरणात किती पाणी येणार हे त्यावरून कळते. दौंडच्या काठावर घर बांधणाऱ्याने तेच वाक्य वेगळ्या दृष्टीने वाचले पाहिजे.

उजनीच्या वरच्या बाजूला भीमेच्या खोऱ्यात लहानमोठी जवळपास वीस धरणे आहेत. खडकवासला साखळीतील चार, पवना, मुळशी, भामा आसखेड, चासकमान, कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यांतील ठळक नावे. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत ही धरणे भरत असतात. त्या काळात नदीत येणारा पूर ती अडवून धरतात आणि काठावरच्या माणसाला नदी निरुपद्रवी वाटू लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरणे भरली, की पुढचा प्रत्येक मोठा पाऊस दरवाजांतून खाली सोडावा लागतो. तो एका वेळी अनेक धरणांतून सुटला, तर दौंडला आकडा लाख क्युसेकच्या पुढे जातो.

लाख क्युसेक म्हणजे नेमके किती, हे एका साध्या गुणाकाराने कळते. हा प्रवाह अखंड चोवीस तास चालला, तर ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. खडकवासला धरणाचा स्वतःचा उपयुक्त साठा जेमतेम दोन टीएमसी आहे. म्हणजे एका दिवसात चार खडकवासला धरणांहून अधिक पाणी दौंडच्या पात्रातून जाते. एवढे पाणी जाण्यासाठी नदीला तिचे पूर्ण पात्र लागते, आणि त्या पात्रात जानेवारीत आखलेले भूखंडही येऊ शकतात.

शहरातील लोकांना या गोष्टीचा अनुभव नाही असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ती आठवण पुण्याच्या एका पिढीने जपली. अलीकडचे उदाहरण २५ जुलै २०२४ चे. त्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील इमारतींचे तळमजले बुडाले. त्या दिवशीचा विसर्ग सुमारे पस्तीस हजार क्युसेक होता. पाणी अनपेक्षित नव्हते, मात्र ते कोठपर्यंत येईल याची कल्पना तेथे राहणाऱ्यांना नव्हती. नदीकाठच्या घराबाबतचा खरा धोका नेमका हाच आहे.

निळी रेषा, लाल रेषा आणि कर्जाची वीस वर्षे

महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये परिपत्रक काढून पूररेषांची पद्धत घालून दिली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. पात्र आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, तेथे घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. नियंत्रित पट्ट्यात बांधकाम करायचे, तर जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटीमीटर उंच हवे.

येथे पंचवीस वर्षांतून एकदा या शब्दप्रयोगाने मोठी फसगत होते. एकदा पूर येऊन गेला, की आता पंचवीस वर्षे निश्चिंती, असा अर्थ लोक काढतात. वास्तविक त्याचा अर्थ असा, की कोणत्याही एका वर्षी तो पूर येण्याची शक्यता चार टक्के असते आणि दरवर्षी ती तेवढीच राहते. घरासाठी वीस वर्षांचे कर्ज घेतले, तर त्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत पाणी किमान एकदा येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या पुढे जाते. कर्ज फिटण्याआधी पाणी उंबऱ्याला लागण्याची शक्यता न लागण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, असा याचा सरळ अर्थ. लाल रेषेच्या बाबतीतही वीस वर्षांत ही शक्यता १८ टक्क्यांच्या घरात जाते. पाचांत जवळपास एक एवढी जोखीम असलेला कोणताही अन्य व्यवहार मध्यमवर्गीय माणूस सहसा करत नाही. नदीकाठी तो करतो, कारण ही जोखीम त्याला कोणी आकड्यांत सांगितलेली नसते.

आणि ती सांगणार तरी कोण? सातबारा उतारा पाहिला तर त्यावर मालकाचे नाव, क्षेत्र, पीक, बोजा आणि इतर हक्क दिसतात. पूररेषा दिसत नाही. गट नकाशावर नदी एका दुहेरी रेघेने दाखवलेली असते, पुराची पातळी नसते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला जातो, तेव्हा भूखंड कोणत्या रेषेच्या आत आहे याची विचारणा होत नाही. पूररेषा जलसंपदा विभागाकडे, बांधकाम परवानगी नियोजन प्राधिकरणाकडे, जमिनीची नोंद महसूल खात्याकडे आणि दस्ताची नोंदणी मुद्रांक विभागाकडे. चार दारे आणि प्रत्येक दारावर अर्धी माहिती. शहरांबाहेरच्या अनेक नदीभागांत तर रेषा आखण्याचे कामच झालेले नाही. अशा ठिकाणी रेषेच्या बाहेर असल्याची विक्रेत्याची ग्वाही निरर्थक ठरते, कारण बाहेर असायला मुळात रेषा हवी.

गुंठ्यांचा बाजार

पुराचा प्रश्न हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा कायद्याचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करण्यास मनाई केली. हेतू चांगला होता. शेती पोट भरण्याइतकी तरी राहावी. परंतु शहर जवळ आले, की शेतीपेक्षा गुंठ्याला भाव अधिक मिळतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एका छोट्या घराला पुरेल एवढी जागा. एकरात असे चाळीस गुंठे. ऊस लावून जे उत्पन्न दहा वर्षांत मिळत नाही ते चाळीस खरेदीदारांकडून एका हंगामात मिळते, तेव्हा शेतकऱ्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

या बाजाराने कायद्याला वळसे शोधले. कोठे नोटरीपुढे केलेले साठेखत, कोठे कुलमुखत्यारपत्र, तर कोठे दहा-पंधरा जणांच्या नावे सामाईक खरेदी करून आत तोंडी वाटण्या. कुलमुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. सामाईक खरेदीत सातबाऱ्यावर नाव लागते, पण कोणता गुंठा कोणाचा हे कोठेच लिहिलेले नसते. नदीच्या बाजूचा तुकडा आपलाच, असे सांगणारे दोघे निघाले की प्रकरण न्यायालयात जाते आणि पुढची पिढी तारखांना हजर राहते.

सरकारची भूमिकाही या काळात स्थिर राहिली नाही. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने लहान तुकड्यांची दस्तनोंदणी रोखली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी दहा आणि जिरायतीसाठी वीस गुंठ्यांवर आणले गेले. २०२५ मध्ये नागरी आणि नियोजन क्षेत्रांतील जुने तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्यासाठी अध्यादेश निघाला. हजारो कुटुंबांना यातून दिलासा मिळेल, हे मान्य केले पाहिजे. पण या दिलाशाबरोबर एक गैरसमजही पसरत आहे. तुकडा नियमित झाला म्हणजे घर नियमित झाले, असे नव्हे. तुकडेबंदीची सवलत जमिनीच्या आकाराबाबत आहे. निळ्या पूररेषेतील बांधकामबंदीला तिचा स्पर्शही होत नाही. चिखलीचा धडा येथे पुन्हा वाचावा लागतो.

नियोजनाच्या आघाडीवरही अनिश्चितता आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना २०१५ मध्ये झाली आणि शिरूर व दौंड तालुक्यांचा काही भाग त्याच्या हद्दीत आला. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. या चार वर्षांत ज्यांनी प्रारूप आराखड्यातील रंग पाहून जमिनी घेतल्या, त्यांच्या हाती आता जुन्या प्रादेशिक योजनेचा नकाशा आणि विक्रेत्याचा शब्द एवढेच आहे.

स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि महारेरा अस्तित्वात आले. पाचशे चौरस मीटरहून अधिक जागेवरील भूखंडांचा प्रकल्पही नोंदणीस पात्र आहे, ही गोष्ट अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. पाचशे चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. तेव्हा एकर-दोन एकरांवर भूखंड पाडून विकणाऱ्याकडे महारेरा क्रमांक नसेल, तर तेथेच पाऊल थांबले पाहिजे.

सातबाऱ्यातील बारीक अक्षरे

शिरूर-दौंडमध्ये जमीन घेणाऱ्याने सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना विशेष लक्ष देऊन वाचावा. वर सांगितलेल्या धरणांसाठी डोंगराळ तालुक्यांतील गावे उठली. त्या विस्थापितांना लाभक्षेत्रात जमिनी द्यायच्या म्हणून खालच्या तालुक्यांतील अनेक जमिनींवर पुनर्वसनाचे शेरे पडले. असा शेरा असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. भोगवटादार वर्ग दोन हा उल्लेख असेल, तरीही तेच. नदीच्या पाण्यावर आज बागायती झालेल्या या जमिनींमागे वरच्या खोऱ्यातील कोणाचे तरी बुडालेले घर आहे, हेही त्या एका ओळीतून दिसते.

नदीलगतच्या गटात आणखी एक गुंतागुंत असते. नदीचे पात्र सरकारचे. महसूल संहितेने तसे स्पष्ट म्हटले आहे. परंतु नदी आपला काठ बदलते. एका बाजूची जमीन खचते, दुसऱ्या बाजूला मळई साठते. वर्षानुवर्षे कसलेली मळई मालकीची वाटू लागते आणि भूखंड पाडताना तीही मोजली जाते. म्हणून नदीकाठचा गट घेताना सरकारी मोजणी करून हद्द कायम केल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे. शिवाय जो स्वतः शेतकरी नाही, त्याला शेतजमीन खरेदी करता येत नाही. बिगरशेती परवानगी नसलेला गुंठा म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शेतच, मग तेथे सिमेंटचा रस्ता आणि प्रवेशद्वार का असेना.

काठावरचे रोजचे जगणे

समजा, कागद निर्दोष आहेत आणि जागा उंचावर आहे. तरीही नदीकाठचे जगणे जाहिरातीतल्यासारखे असतेच असे नाही.

पहिला प्रश्न पाण्याच्या प्रतीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतील ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून शेवटी भीमेतच येते. पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी सुमारे ९९० कोटींचा, जपानच्या साहाय्याचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याचा लाभ खालच्या गावांना किती मिळतो, हे नदीच्या रंगावरून आणि उन्हाळ्यात पात्र झाकून टाकणाऱ्या जलपर्णीवरून ज्याने-त्याने पाहावे. पाहणीसाठी जानेवारीतील सकाळ निवडली जाते. मे महिन्याच्या संध्याकाळी, डासांचे थवे उठतात त्या वेळी, ग्राहकाला कोणी नेत नाही.

दुसरा प्रश्न वाळूचा. भीमा आणि घोड या दोन्ही नद्यांचे पात्र वाळू उपशाने पोखरले गेले आहे. महसूल आणि पोलीस पथकांनी फायबरच्या बोटी आणि सक्शन पंप नष्ट केल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. राज्याने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासने सरकारी वाळू देण्याचे धोरण आणले आणि २०२५ मध्ये ते बदलले. पण पात्रात पडलेले खड्डे धोरणाने बुजत नाहीत. वाळूचा थर गेला, की काठाचा आधार जातो आणि कड ढासळू लागते. आज नदीपासून शंभर फुटांवर असलेले कुंपण काही वर्षांत किती फुटांवर असेल, हे पात्रात किती उपसा झाला यावर ठरते. गंमत अशी, की काठावरच्या बंगल्यासाठी लागणारी वाळू त्याच काठाला खचवून आलेली असू शकते.

तिसरा प्रश्न मातीचा. नदीकाठची काळी कसदार माती उसाला उत्तम आणि घराला त्रासदायक. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतीही. मुरूम लागेपर्यंत पाया नेणे भाग असते आणि त्याचा खर्च भूखंडाच्या स्वस्त किमतीत धरलेला नसतो.

आणि चौथा प्रश्न उसात दडलेला आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्या आता उसातच जन्मतो आणि वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. उसाच्या शेतांमध्ये चार-सहा घरांची एकाकी वस्ती करणाऱ्यांनी ही बातमी दूरच्या गावाची म्हणून वाचू नये. दिवे, कुंपण, रात्रीची ये-जा, मुलांचे शाळेत जाणे या गोष्टींचा विचार भूखंडाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

मग नदीकाठी राहूच नये का?

असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. माणूस पाण्यापाशीच वसत आला. भीमा-घोडच्या काठावरील गावेही शेकडो वर्षे टिकली. ती कशी टिकली, हे पाहण्याजोगे आहे. जुने गावठाण बहुधा काठावरच्या उंचवट्यावर, पांढरीच्या जागेत असते. खालची काळी जमीन पिकासाठी सोडलेली असते. नदीच्या अगदी जवळ जाते ते देऊळ, घाट आणि स्मशान. पाण्याने वेढले तरी ज्याचे फारसे बिघडत नाही, तेवढेच खाली. या मांडणीमागे जलविज्ञानाचे पुस्तक नव्हते, पिढ्यांनी पाहिलेले पूर होते. आजचा भूखंड व्यवसाय नेमकी ही मांडणी उलटी करतो. जो तुकडा पाण्याला सर्वांत जवळ, त्याचा दर सर्वांत अधिक.

नदीकाठच्या छोट्या वस्तीचे लाभही खरे आहेत. शेजारी ओळखीचे राहतात, मुलांना मोकळी जागा मिळते, वृद्धांना चालण्यासाठी रस्ता मिळतो. नगरपरिषदेच्या हद्दीत किंवा गावठाणालगत, नळपाणी आणि मैलापाण्याची व्यवस्था असलेल्या, लाल रेषेच्या बाहेरच्या जागेत हे सारे उपभोगता येते. त्यासाठी नदी अंगणात यायला नको, चालत जाण्याच्या अंतरावर असली तरी पुरे.

येथे न्यायाचाही एक मुद्दा आहे. पूररेषेत बंगले बांधणारे मध्यमवर्गीय असतात, तसेच नाल्याकाठी पत्र्याच्या खोल्या करून राहणारे कारखान्यांतील कंत्राटी कामगार आणि ऊसतोडणी मजूरही असतात. पहिल्याला पर्याय होता, दुसऱ्याला नव्हता. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती उभ्या करताना तेथे काम करणाऱ्यांनी राहायचे कोठे, याचा विचार झाला असता, तर गुंठ्यांच्या बाजाराला आज एवढे गिऱ्हाईक मिळाले नसते. परवडणारे कायदेशीर घर दुर्मीळ झाले, की बेकायदा घर हीच सोय होते.

करण्याजोगे तीन

उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला, भीमा आणि घोड यांच्या शिरूर-दौंडमधील संपूर्ण काठाच्या पूररेषा आखून त्या गट क्रमांकांवर चढवाव्यात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद घ्यावी. सातबारा आज डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो. बँकेचा बोजा त्यावर दिसू शकतो, तर पुराचा का दिसू नये? दुसरा, नदीलगतच्या गटांतील कोणत्याही खरेदीदस्तासोबत जलसंपदा विभागाचा पूररेषा दाखला जोडणे सक्तीचे करावे. दाखला नसेल तर दस्त नाही. तिसरा, धरणांतून विसर्ग सोडताना केवळ क्युसेकचा आकडा जाहीर न करता त्या आकड्याला दौंड, शिरूर आणि काठावरच्या गावांत पाणी कोणत्या पातळीपर्यंत येते, ते पुलाच्या खांबांवर आणि चावडीवर रंगाने दाखवावे. क्युसेक हा अभियंत्यांचा शब्द आहे. घरमालकाला पायऱ्या मोजता येतात.

हे होईपर्यंत खरेदीदारानेच काही पथ्ये पाळायला हवीत. भूखंड जानेवारीत पाहिला असेल, तर ऑगस्टच्या अखेरीस, धरणे भरल्यावर पुन्हा पाहावा. महारेरा क्रमांक, बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि सरकारी मोजणीचा नकाशा हे चारही कागद हाती आल्याशिवाय विसार देऊ नये. सामाईक खरेदीच्या वाटेला जाऊ नये. आणि त्या गावातील एखाद्या वयस्कर माणसाला पाणी आजवर कोठपर्यंत आले होते, एवढे विचारावे. तो हात करून एखादे झाड, एखादा पार किंवा देवळाची पायरी दाखवील. ते ठिकाण भूखंडापेक्षा वर असेल, तर व्यवहार तेथेच सोडून परत फिरणे शहाणपणाचे.